शब्दाचे शेजारी

मुलांनो, आपण परगावी कोणाकडे निघालो आणि त्याच्या दाराला कुलूप दिसले, तर आपण काय करतो? लगेच परत फिरत नाही. शेजारच्या घरी चौकशी करतो. शेजारी सांगतो, "ते शेतावर गेले आहेत, दिवेलागणीला येतील." एवढ्यावरून तो मनुष्य कोण, काय करतो, कधी भेटेल, हे आपणांस कळते.

वाचनातही असेच घडते. वाचता वाचता एखादा अपरिचित शब्द आडवा येतो. त्याचे दार बंद असते. कित्येक मुले तो शब्द ओलांडून पुढे जातात; कित्येक तेथेच पुस्तक मिटतात. थोडी मुले गुरुजनांना विचारतात किंवा शब्दकोश उघडतात. हे उत्तमच, परंतु प्रत्येक वेळी गुरुजी व कोश हाताशी नसतात. अशा वेळी शब्दाच्या शेजाऱ्यांना विचारावे. मागचे-पुढचे शब्द, आधीचे वाक्य, नंतरचे वाक्य हे शब्दाचे शेजारी होत. मागच्या-पुढच्या मजकुराच्या या संबंधालाच 'संदर्भ' असे म्हणतात.

प्रथम एक ओळखीचाच शब्द घेऊ. पुढील उतारा वाचा :

"सकाळी आमची गाडी खंबाटकीचा घाट उतरून वाईस पोहोचली. गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही कृष्णेच्या घाटावर बसलो. बाजारात तांब्याच्या एका कळशीचा घाट आईला फार आवडला. इतक्यात दादाने मेणवलीपर्यंत पायी जाण्याचा घाट घातला."

चार वाक्यांत 'घाट' हा शब्द चार वेळा आला आहे. परंतु त्याचा अर्थ चारही ठिकाणी निराळा आहे. पहिला घाट डोंगरातील वळणावळणाचा रस्ता; कारण गाडी तो उतरते. दुसरा नदीकाठच्या दगडी पायऱ्या. कारण तो कृष्णेचा आहे व त्यावर बसता येते. तिसरा म्हणजे भांड्याचा आकार, कारण त्याचा शेजारी कळशी आहे. चौथा घाट ना चढता येतो, ना त्यावर बसता येते. तो 'घातला' जातो. तो दादाच्या मनातील बेत होय. तुम्ही हे चारही अर्थ कोश न पाहता ओळखले. ते तुम्हांला कोणी सांगितले? शेजाऱ्यांनीच सांगितले.

काही शब्द मोठे व भारदस्त दिसतात. पण त्यांची फोड केली की ते सोपे होतात. सातारा जिल्ह्यातील माण व खटाव, तसेच सांगली जिल्ह्यातील जत व आटपाडी या तालुक्यांविषयी वर्तमानपत्रांत वाचताना 'अवर्षणप्रवण' असा एक शब्द आढळतो. आता तो फोडून पाहा. 'वर्षण' म्हणजे पाऊस पडणे. वर्षा, वृष्टी हे त्याचेच भाऊबंद. आरंभी 'अ' आला, म्हणून अवर्षण म्हणजे पाऊस न पडणे. उरला 'प्रवण'. हा शब्द कोठे पाहिल्याचे स्मरते काय? महामार्गावर वळणापाशी 'अपघातप्रवण क्षेत्र' अशी पाटी असते. तिचा अर्थ 'येथे अपघात होण्याचा संभव अधिक' असा आपण जाणतो. मग अवर्षणप्रवण तालुका म्हणजे जेथे पाऊस दगा देण्याचा संभव अधिक असतो, असा तालुका. एका ठिकाणची ओळख दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडली.

मात्र फोड करताना सावध राहावे. 'अमूल्य' या शब्दात 'अ' आणि 'मूल्य' आहेत. म्हणून 'ज्याला काही किंमत नाही तो' असा अर्थ कोणी करील, तर तो फसेल. "त्यांनी गावासाठी अमूल्य कार्य केले" या वाक्यात कवडीमोल कार्याची स्तुती कोण करील? जे कार्य किंमत करता येणार नाही इतके मोठे, ते अमूल्य. तेव्हा फोड केल्यावरही शेवटी शेजाऱ्यांची साक्ष काढावीच लागते.

ही साक्ष न काढल्यामुळे एकदा माझ्या हातून चूक झाली. ती तुम्हांला सांगतो.

सन २००५ च्या पावसाळ्यात कृष्णेला महापूर आला होता. त्या वेळी मी सांगलीजवळच्या एका शाळेत मराठी शिकवीत होतो. माझे बालपण साताऱ्याकडचे. सांगलीकडे येऊन मला फार दिवस झाले नव्हते. पूर ओसरून शाळा सुरू झाल्यावर मी वर्गाला 'पूर' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. हरिपूरहून येणाऱ्या एका मुलीने असे लिहिले होते :

"आमच्या आजोबांची दोन पेवे होती. पुराचे पाणी पेवात शिरले. त्यांत लोकांची हळद होती. ती सगळी कुजली. आजोबा तोंडाशी जाऊन बसले आणि दिवसभर काही बोललेच नाहीत."

'पेव फुटणे' हा वाक्प्रचार मला ठाऊक होता. एखादी गोष्ट एकाएकी विपुल होऊ लागली, म्हणजे तिचे पेव फुटले असे आपण म्हणतो. परंतु नुसते 'पेव' मी कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते. मी 'पेवात' या शब्दाखाली तांबड्या शाईने रेघ ओढली व समासात लिहिले, "शब्दप्रयोग चूक." 'तोंडाशी' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह काढले, आणि वही मिटून दुसरी उघडली.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिने तक्रार केली नाही. वही पुढे धरून तिने विचारले, "सर, मग पेवाला काय लिहू?"

मी उत्तर देण्यास तोंड उघडले, आणि मला उत्तर सापडेना. बाकांवर बसलेली हरिपूरची मुले एकमेकांकडे पाहू लागली होती. माझ्या लक्षात आले की, वर्गातील पुष्कळ मुलांना जे ठाऊक आहे, ते मला ठाऊक नाही.

मी ती पाच वाक्ये पुन्हा वाचली. पाणी आत शिरले, म्हणजे पेव ही काहीतरी पोकळ जागा असली पाहिजे. त्यात हळद होती. म्हणजे ती साठवणीची जागा. ती एका घरची नव्हे, लोकांची. म्हणजे जागा मोठी. तिला तोंड आहे आणि त्या तोंडाशी माणूस बसू शकतो, म्हणजे ती जमिनीखाली असावी. अर्थ सगळा त्या पाच वाक्यांतच होता! मी शब्दाकडे पाहिले, त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहिले नाही. घरी जाऊन शब्दकोश उघडला, तो शब्द तेथेही होता.

रविवारी मी हरिपूरला गेलो. सांगलीपासून हे गाव अगदी जवळ आहे. तेथे कृष्णा व वारणा या नद्यांचा संगम होतो. त्या मुलीच्या आजोबांनी मला आपले पेव दाखविले. म्हणजे जे उरले होते ते दाखविले. जमीन एके ठिकाणी खचली होती आणि खड्ड्यात चिखल साचला होता. आजोबा खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले व बोलू लागले. पुराची हकीकत, मग त्यांच्या तरुणपणाची, मग पेव कसे खोदतात ती, मग पुन्हा पुराची, अशा क्रमाने ते सांगत होते. मी ऐकत होतो.

सांगली ही हळदीची मोठी पेठ. हळद पुष्कळ दिवस टिकावी, तिला कीड लागू नये, म्हणून हरिपूर-सांगलवाडी भागात ती जमिनीखाली साठवीत. तेथील माती घट्ट. तीत दोनतीन माणसे एकावर एक उभी राहतील इतका खोल खड्डा खोदीत. त्याचे तोंड एक माणूस कसाबसा उतरेल इतके अरुंद ठेवीत. आतून तो रांजणासारखा फुगीर असे. हळद भरली की तोंड बंद करून मातीने लिंपीत. आत वारा नाही, ओल नाही. त्यामुळे हळद वर्षानुवर्षे चांगली राही. परंतु मातीचे हे कोठार पाण्यापुढे टिकले नाही. सन २००५ च्या पुरात कितीतरी पेवे ढासळली.

उठताना आजोबा म्हणाले, "एक गोष्ट पोरांना जरूर सांगा. पेव उघडले की लगेच उतरायचे नाही. आधी कंदील, मग माणूस."

याचे कारण तुम्ही विज्ञानात शिकता. बंद जागेतील हवा कालांतराने दूषित होते. तेथे प्राणवायू कमी पडतो. म्हणून पेवाचे तोंड काही वेळ उघडे ठेवीत व दोरीने पेटता कंदील आत सोडीत. कंदील विझला तर माणूस उतरत नसे. कारण जेथे ज्योत जगत नाही, तेथे माणूसही जगत नाही.

सोमवारी मी वर्गासमोर त्या वहीतील तांबडी रेघ माझ्या हाताने खोडली व खाली लिहिले, "चूक शिक्षकाची."

मुलांनो, येथवर वाचणाऱ्याचे काम पाहिले. आता लिहिणाऱ्याचे काम पाहू. वाचणाऱ्याने शेजाऱ्यांना विचारावे हे खरे. पण लिहिणाऱ्याने शब्दाला शेजारीच दिले नाहीत, तर त्याने कोणाला विचारावे? आणि शेजारी दिले, पण ते अस्ताव्यस्त बसविले, तर त्यांच्याकडून तरी काय कळावे? म्हणून शब्दाचा अर्थ आणि लेखनाची रचना यांचा निकट संबंध आहे.

समजा, 'हळदीचे पेव' या विषयावर आपणांस लेख लिहावयाचा आहे. प्रथम सुचतील ते मुद्दे कागदावर मांडू :

१. सन २००५ च्या पुरात पेवे ढासळली.
२. उतरण्यापूर्वी कंदील सोडतात.
३. सांगलीत सन १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक केले.
४. पेवाचे तोंड अरुंद व पोट मोठे असते.
५. पेव म्हणजे काय?
६. पेवात हळद का टिकते?

हे मुद्दे याच क्रमाने लिहून काढले तर काय होईल? वाचणाऱ्याला पेव म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच ते ढासळेल! तेव्हा मुद्दे जमविणे ही पहिली पायरी, निवडणे ही दुसरी आणि लावणे ही तिसरी.

निवडताना तिसरा मुद्दा बाजूला ठेवावा. तो खरा आहे, सांगलीला भूषणावह आहे. परंतु त्याचा पेवाशी संबंध नाही. खरी गोष्टही अस्थानी आली, तर ती लेखाला उपकारक होत नाही.

लावताना प्रथम पाचवा मुद्दा घ्यावा. याबाबतीत एका थोर ग्रंथाचा दाखला देतो. सातारा जिल्ह्यातील वाई या गावी मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे या कोशाचे पहिले प्रमुख संपादक. विश्वकोशाचा पहिला खंड सन १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु त्याच्याही आधी, सन १९७३ मध्ये, परिभाषासंग्रहाचा खंड बाहेर पडला होता. परिभाषा म्हणजे त्या त्या विषयातील ठरावीक अर्थाचे शब्द. जगातील ज्ञान मराठीत मांडावयाचे, तर आधी शब्द निश्चित झाले पाहिजेत, हे त्या विद्वानांनी ओळखले होते. कोशातील नोंदी वाचून पाहा. ज्या वस्तूची नोंद, ती वस्तू म्हणजे काय, हे बहुधा आरंभीच थोडक्यात सांगितलेले असते. इतिहास, प्रकार, उपयोग हे सारे मागाहून येते. आपल्या लेखानेही हाच मार्ग धरावा.

मग लेखाची मांडणी येणेप्रमाणे होईल. पहिल्या परिच्छेदात पेव म्हणजे काय, ते सांगावे. दुसऱ्यात त्याची घडण सांगावी. तिसऱ्यात हळद का टिकते, त्याचे कारण द्यावे. चौथ्यात पेव उघडण्याची रीत यावी. पाचव्यात पूर आणि पेवांची पडझड यावी. शेवटी, आज हळद बहुतांशी गोदामांत व शीतगृहांत ठेवली जाते, हे सांगून लेख संपवावा. प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा असावा. मुद्दा बदलला की परिच्छेद बदलावा. एका परिच्छेदातून दुसऱ्यात जाताना 'म्हणून', 'परंतु', 'त्यानंतर' अशा शब्दांचा हात धरावा. 'म्हणून' दिसले की कारण मागे आहे, असे वाचणारा जाणतो. 'परंतु' दिसले की आता वळण येणार, असे तो ओळखतो.

कोणी म्हणेल, क्रम थोडा मागेपुढे झाला म्हणून काय बिघडले? त्याने पुढील दोन वाक्ये पाहावीत.

"पेव उघडून आत उतरावे व हळद पोत्यांत भरून वर द्यावी, मात्र उतरण्यापूर्वी कंदील सोडून हवा पाहावी."

"पेव उघडून काही वेळ थांबावे, मग कंदील सोडून हवा पाहावी, कंदील जळत राहिला, तरच आत उतरावे."

दोन्ही वाक्यांत माहिती खरी आहे. परंतु जो मनुष्य पहिले वाक्य वाचत वाचत काम करील, तो कंदिलाचा उल्लेख येईपर्यंत पेवात उतरलेला असेल! जे आधी करावयाचे ते आधी लिहावे. औषधाच्या बाटलीवरील सूचना, यंत्र चालविण्याची माहिती, प्रयोगाची कृती या सर्वांना हाच नियम लागू आहे. रचना हा लेखाचा केवळ अलंकार नव्हे. तिच्यावर वाचणाऱ्याचे हित अवलंबून असते, आणि प्रसंगी त्याचा जीवही.

आता त्या मुलीच्या निबंधाकडे पुन्हा वळू. मी तिला म्हणालो, "बाळ, तुझा शब्द अगदी बरोबर आहे. हरिपूरच्या वाचकाला तो सहज कळेल. परंतु तुझा निबंध साताऱ्याच्या, नागपूरच्या मुलानेही वाचावा असे तुला वाटते ना? मग त्याच्यासाठी काय करशील?"

ती थोडा वेळ विचार करीत उभी राहिली. मग जागेवर जाऊन तिने निबंध पुन्हा लिहिला. पहिल्या वाक्यानंतर तिने एकच वाक्य नवे घातले होते : "पेव म्हणजे हळद साठविण्यासाठी जमिनीत खोदलेले अरुंद तोंडाचे कोठार." बाकीचा निबंध पहिल्यासारखाच होता. आजोबांविषयीचे शेवटचे वाक्य तिने बदलले नव्हते. मीही त्याला हात लावला नाही.

तिच्या त्या एका वाक्याने माझा जुना वाक्प्रचारही मला नव्याने कळला. तुडुंब भरलेले पेव फुटावे आणि आतला माल भळाभळा बाहेर यावा, तशी एखादी गोष्ट विपुल झाली, म्हणजे तिचे पेव फुटले! इतकी वर्षे मी जो वाक्प्रचार शिकवीत होतो, त्यातील पेव मी कधी पाहिलेच नव्हते.

मुलांनो, तुमच्या गावात, तुमच्या घरात असे कितीतरी शब्द असतील. शेतात, बाजारात, सुताराच्या व कुंभाराच्या आवारात ते रोज उच्चारले जातात. वस्तू गेली की तिचा शब्दही हळूहळू मागे पडतो. पेवे गेली, उद्या 'पेव' हा शब्द केवळ वाक्प्रचारात उरेल. तो तुम्हांला ठाऊक असेल, तर बेलाशक लिहा. मात्र तो एकटा सोडू नका. त्याला चांगले शेजारी द्या. आणि तुम्हांला अपरिचित असा शब्द दुसऱ्याच्या लेखनात आढळला, तर तो चूक ठरविण्यापूर्वी त्याच्या शेजाऱ्यांकडे चौकशी करा. त्यानंतर कोश पाहून आपला तर्क बरोबर आहे की नाही, याची खात्री करून घ्या. तांबडी शाई सर्वांत शेवटी वापरावी.

स्वाध्याय

(या पाठाला शब्दार्थ मुद्दाम दिलेले नाहीत. ते तुम्हीच शोधावयाचे आहेत.)

१. शिक्षकांनी 'पेवात' या शब्दाखाली रेघ का ओढली? त्यांची चूक कोणती?

२. पुढील उतारा वाचा : "वीज येण्यापूर्वी विहिरीवर मोट चाले. बैल धावेवरून खाली उतरत, तशी पाण्याने भरलेली मोट वर येई व थारोळ्यात रिकामी होई. तेथून पाणी पाटाने शेतात जाई." यातील मोट, धाव, थारोळे व पाट या शब्दांचे अर्थ तर्काने लिहा. प्रत्येक अर्थ कोणत्या शेजारी शब्दावरून कळला, तेही सांगा. नंतर शब्दकोश पाहून आपला तर्क तपासा.

३. 'निर्जल', 'दुर्लक्ष', 'अपघातप्रवण' या शब्दांची फोड करा व प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.

४. तुमच्या घरातील वडील माणसांना विचारून, आता वापरात नसलेल्या एका वस्तूचे नाव मिळवा. त्या वस्तूविषयी मुद्दे जमवा, निवडा, क्रमाने लावा व तीन परिच्छेदांचा लेख लिहा. ती वस्तू म्हणजे काय, हे पहिल्या परिच्छेदातच सांगा.